मोटारीचे दिवे मंद का होतात?

गळीत हंगाम चालू झाला की कृष्णाकाठच्या रस्त्यांवर रात्रीची रहदारी वाढते. उसाने भरलेल्या बैलगाड्या एकामागून एक कारखान्याची वाट चालत असतात. गाडीवर ऊस असा रचलेला असतो की मागून येणाऱ्याला ना बैल दिसतात, ना गाडीवान. दिसतात ते फक्त मागे लोंबणारे उसाचे शेंडे. अंधारात त्यांचा करडा रंग रस्त्याच्या रंगात मिसळून गेलेला असतो.

२०१६ सालच्या जानेवारी महिन्यातली गोष्ट. एका शाळेचे विज्ञान-प्रदर्शन आटोपून मी रात्री नऊच्या सुमारास आमच्या जुन्या जीपने घरी परतत होतो. ही जीप माझ्या मामांची. मामा थकले तेव्हा ती माझ्याकडे आली. रस्ता पायाखालचा आहे, वेगही फार नाही, तेव्हा काळजी कसली, असे मनाशी म्हणत मी चाललो होतो. एका वळणानंतर समोर एकदम काहीतरी करडे उभे राहिल्यासारखे वाटले. मी सारा जोर लावून ब्रेक दाबला. जीप थांबली ती उसाच्या शेंड्यांना बॉनेट टेकवूनच.

गाडीवान खाली उतरला. आता चार शब्द ऐकून घ्यावे लागणार, अशी मी मनाची तयारी केली. पण त्याने आधी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्या जीपपुढे येऊन दिव्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "सायेब, हे गाडीचं दिवं हायती, का देवघरातली निरांजनं?"

मी काय बोलणार? त्याच्या गाडीला मागे लाल चकाकणारा रिफ्लेक्टर लावलेला होता. त्याने आपले काम केले होते. पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. दुसऱ्याचा उजेड त्याच्यावर पडला तरच तो चमकतो. आणि माझ्या दिव्यांजवळ त्याला देण्याइतका उजेडच नव्हता!

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या गावी जाऊन चांगल्या प्रतीचे दोन नवे बल्ब आणले आणि बसवले. रात्री जीप चालू करून पाहतो तो काय, उजेड होता तितकाच. म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा प्रकार झाला. दोष एकीकडे आणि उपाय दुसरीकडे. खेड्यापाड्यांतून आजही पुष्कळ जुन्या जीपगाड्या, मोटारी आणि टेम्पो चालतात. अ‍ॅम्बॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी ती सांभाळून वापरणारी माणसे अजून आहेत. अशा गाड्यांचे दिवे मंद झाले की बहुतेक जण मी केले तेच करतात, म्हणजे बल्ब बदलतात. आज मला तुम्हांला सांगायचे आहे ते एवढेच की, दिवा मंद दिसला तरी दोष बहुधा दिव्यात नसतो. दिव्यापर्यंत वीज ज्या वाटेने येते त्या वाटेत तो असतो.

शेतकरी मंडळींना ही गोष्ट समजायला जड जाणार नाही. पाटाच्या पाण्याचा अनुभव तुम्हांला आहेच. पाटाच्या मुखाशी पाणी भरभरून सोडलेले असते. पण वाटेत गाळ साचलेला, गवत माजलेले, कुठे बांध खचलेला. मग शेवटच्या टोकाला ज्याचे शेत आहे त्याच्यापर्यंत किती पाणी पोचते? तो बिचारा दारे धरून रात्रभर बसतो, आणि वाफा काही भिजत नाही. त्याने आपल्या वाफ्याचे तोंड कितीही रुंद केले, तरी उपयोग नाही. साफ करायला हवा तो पाट. जुन्या मोटारीतला दिवा हा असाच टोकाचा शेतकरी असतो.

आता विजेची वाट कशी असते ती पाहू. बॅटरीतून वीज निघते. तेथून ती तारेने चालकासमोरच्या स्विचपर्यंत येते. स्विचमधून डिपरकडे जाते. जुन्या जीपगाड्यांत हा डिपर पायाशी असतो. डिपरपासून पुन्हा लांबच लांब तारेने पुढे येऊन ती दिव्यात शिरते. दिव्यातून बाहेर पडल्यावर परत बॅटरीकडे जायला मात्र तिला निराळी तार नसते. मोटारीचा लोखंडी सांगाडा हीच तिची परतीची वाट. यालाच मेस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात. या सगळ्या वाटेवर ठिकठिकाणी जोड असतात. तीस-चाळीस वर्षांच्या ऊन-पावसाने त्या जोडांवर गंज चढतो, हिरवट क्षार जमतात, स्विचमधले पितळी संपर्क काळे पडतात. प्रत्येक ठिकाणी विजेच्या वाटेत थोडी थोडी अडचण उभी राहते. या अडचणीला पदार्थविज्ञानात रोध असे म्हणतात, आणि तो ओहममध्ये मोजतात.

हा रोध किती असावा म्हणजे त्रास होतो? उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. पुढच्या दिव्याचा नेहमीचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ६० वॉटचा असतो. म्हणजे एक बल्ब ५ अँपिअर प्रवाह घेतो. दोन मिळून १० अँपिअर. ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाहाला रोधाने गुणले की वाटेत खर्ची पडलेला दाब मिळतो. वाटेत सगळा मिळून एक दशांश ओहम रोध असला, तर १० अँपिअरला तेवढ्यातच एक व्होल्ट खर्ची पडतो. आणि एक दशांश ओहम म्हणजे किती? एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार सुमारे साडेपाच मीटर घेतली की तेवढा रोध झालाच. गंजलेले जोड आणि झिजलेले स्विच यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही!

तुम्ही म्हणाल, बारा-तेरा व्होल्टांतला एखादा व्होल्ट गेला तर काय एवढे बिघडले? इथेच खरी मेख आहे. बल्बच्या आतली टंगस्टनची बारीक तार तापून पांढरीशुभ्र होते तेव्हा उजेड देते. दाब थोडा कमी झाला की तिचे तपमान उतरते, आणि मग तिची शक्ती उजेडात कमी आणि नुसत्या उष्णतेत अधिक जाऊ लागते. त्यामुळे दाब जितका कमी होतो त्याच्या कितीतरी पट उजेड घटतो. दाब शेकडा ५ ने कमी झाला, तर उजेड शेकडा १६ च्या आसपास घटतो. दाब शेकडा १० ने घटला, तर उजेड शेकडा ३० ने घटतो. आणि दाब शेकडा २० ने घटला, की निम्म्याहून अधिक उजेड गेलाच म्हणून समजा. म्हणूनच उपाशी दिव्याचा उजेड नुसता कमी नसतो, तो पिवळट-तांबूसही असतो. हा रंग ओळखायला शिका. पिवळा दिवा "मला पोटभर मिळत नाही" असेच सांगत असतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग वर्गात फार स्वस्तात करता येतो. टॉर्चचे दोन सेल, एक टॉर्चचा बल्ब आणि पेन्सिलीतले शिसे एवढेच साहित्य घ्या. सेल आणि बल्ब यांच्या वाटेत शिशाचा छोटासा तुकडा जोडा. वीज शिशाच्या जितक्या लांबीतून जाईल तितका दिवा मंद होत जातो; मुलांना ते डोळ्यांनी दिसते. मल्टिमीटर असेल तर बल्बच्या दोन टोकांवरचा दाब मोजून फळ्यावर लिहा. मग बल्ब काढून टाका आणि त्याच दोन जागी पुन्हा मोजा. मीटर जवळजवळ पूर्ण दाब दाखवील! मुले बुचकळ्यात पडतील. त्यांना विचारा, असे का? प्रवाह वाहत असतो तेव्हाच रोधात दाब खर्ची पडतो. प्रवाह थांबला की खर्चही थांबतो. पाटाचे शेवटचे दार बंद ठेवले तर पाणी हळूहळू तुंबून टोकालाही पातळी गाठते, तसेच हे. वाट वाईट आहे की चांगली, हे पाणी वाहते ठेवल्यावरच कळते.

मोटार तपासणारे पुष्कळ जण नेमके इथेच चुकतात. बल्ब काढतात, मोकळ्या सॉकेटमध्ये मीटर लावतात, साडेबारा व्होल्ट दिसतात, आणि म्हणतात, "वायरिंग ओके आहे." मोजणी करायची ती दिवा जळता ठेवूनच.

आमच्या जीपची तपासणी मी आणि माझ्या दोन विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या मीटरने केली. तुम्हांलाही ती करता येईल, म्हणून क्रम सांगतो. मीटर डी.सी. २० व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू करून थोडे जोरात फिरू द्या. पुढचे दिवे लावा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर दाब मोजा. अल्टर्नेटर नीट चालत असेल तर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसावेत. आमच्याकडे १३.६ दिसले. म्हणजे मुखाशी पाणी भरपूर होते. मग जळत्या दिव्याच्या मागे, सॉकेटला जिथे तारा जोडतात तिथे मोजले. मीटरने १०.९ दाखवले. दोन व्होल्ट आणि वर सात दशांश वाटेतच गडप! दाब शेकडा २० ने घटलेला, म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबाने निम्म्याहून अधिक उजेड दिव्यापर्यंत पोचतच नव्हता. गेली कित्येक वर्षे मी वर्गात ओहमचा नियम शिकवतो. तो माझ्याच जीपमध्ये बसून मला वाकुल्या दाखवत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आता चोरी कुठे होते ते पाहायचे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या अधिक टोकावर आणि दुसरे दिव्याच्या अधिक टोकावर ठेवा. जाण्याच्या वाटेत किती व्होल्ट गेले ते मीटर सरळ सांगेल. आमच्याकडे १.९ आले. तसेच एक टोक बॅटरीच्या उणे टोकावर आणि दुसरे दिव्याच्या अर्थच्या तारेवर ठेवा. हा परतीच्या वाटेचा तोटा. तो ०.८ होता. दोन्हींची बेरीज २.७. हिशेब चोख जुळला. काही जुन्या विलायती घडणीच्या गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक सांगाड्याला जोडलेले असते. तिथे ही टोके उलट समजावीत, बाकी रीत तीच.

मीटर नसले तरी काही खुणा साध्या डोळ्यांना कळतात. इंजिन मंद फिरताना दिवे मंद आणि जोरात फिरवले की लख्ख होत असतील, तर वीज तयार करणाऱ्या भागाकडे, म्हणजे डायनामो किंवा अल्टर्नेटर, त्याचा पट्टा आणि रेग्युलेटर यांकडे पाहावे. दोन दिव्यांपैकी एकच मंद असेल, तर बहुधा त्याच बाजूचा अर्थ किंवा सॉकेट खराब असते. वळण्याचा दिवा लावला की त्याच्याबरोबर पुढचा दिवाही फडफडत असेल, तर अर्थचा दोष जवळजवळ नक्की समजा. दोन्ही दिवे सारखेच पिवळट आणि इंजिन कितीही फिरवले तरी तसेच राहत असतील, तर जाण्याची वाट तपासा.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी बॅटरीची अर्थची तार सोडवून ठेवावी, म्हणजे चुकून ठिणगी पडणार नाही. पहिले काम बॅटरीच्या टोकांचे. त्यांवर पांढरे-हिरवे क्षार जमले असतील तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ते धुवावेत. मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. कोरडे करून टोके घट्ट आवळावीत आणि वरून व्हॅसलीन लावावे. दुसरे काम अर्थचे. आमच्या जीपची अर्थची तार पुढच्या मडगार्डला बोल्टने जोडली होती. मडगार्डला मामांनी दोनदा रंग दिलेला, त्यामुळे बोल्टखाली लोखंडाऐवजी रंग आणि गंजच होता. ती जागा पॉलिश-कागदाने घासून लोखंड उघडे केले, शिवाय दोन्ही दिव्यांपासून थेट बॅटरीच्या उणे टोकापर्यंत एक जाड तार ओढली. एवढ्यानेच ०.८ चा तोटा ०.१ वर आला. खर्च काय, तर थोडी तार आणि एक सकाळ.

तिसरे काम जाण्याच्या वाटेचे. इथे रिले नावाच्या छोट्या डबीचा उपयोग होतो. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. डबीत एक बारीक तारेची गुंडाळी असते. तिच्यातून थोडासा प्रवाह गेला की ती लोहचुंबक बनते आणि आतला जाड संपर्क खटकन मिटवते. म्हणजे मोठा प्रवाह बॅटरीपासून दिव्याकडे आखूड आणि जाड तारेने सरळ जातो. चालकासमोरचा जुना स्विच आणि पायाचा डिपर यांनी फक्त हुकूम द्यायचा. हुकमाला पाव अँपिअरसुद्धा प्रवाह लागत नाही, तेव्हा जुन्या वाटेतला रोध काही बिघडवू शकत नाही. शेतीच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये लहानसे बटण दाबले की आतला मोठा संपर्क मिटतो, त्याच जातीची ही युक्ती.

असे दोन रिले लागतात, एक वरच्या झोतासाठी आणि एक खालच्या झोतासाठी. रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. ३० या पायाला बॅटरीकडून येणारी जाड तार, ८७ या पायापासून दिव्याकडे जाणारी जाड तार. ८५ आणि ८६ हे गुंडाळीचे पाय. त्यांतल्या एकाला पूर्वी दिव्याकडे जाणारी जुनी तार आणि दुसऱ्याला अर्थ. जाड तार अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. बॅटरीपासून निघाल्याबरोबर फ्यूज असलाच पाहिजे. फ्यूजशिवाय ओढलेली तार कुठे घासून सांगाड्याला लागली तर गाडीला आग लागू शकते. आणखी एक सांगतो. डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगवेगळे फ्यूज ठेवा. एकच फ्यूज ठेवला आणि तो ऐन घाटात उडाला, तर दोन्ही दिवे एकदम जातील. हे काम स्वतः करण्याची सवय नसेल तर मोटारीच्या वायरमनकडून करून घ्यावे. पण काय करायचे ते त्याला नीट सांगावे.

हे सगळे झाल्यावर आम्ही पुन्हा मोजले. दिव्याजवळ १३.२ व्होल्ट! १०.९ चे १३.२ झाले म्हणजे उजेड जवळजवळ दुप्पट झाला. बल्ब तेच, दिवे तेच. नुसती वाट मोकळी केली. इथे एक सावधगिरीची सूचना. मूळ दाबच रेग्युलेटरच्या बिघाडामुळे साडेचौदाच्या वर जात असेल, तर तो आधी दुरुस्त करावा. दाब गरजेपेक्षा शेकडा ५ ने वाढला तरी बल्बचे आयुष्य सुमारे निम्मे होते.

वीज पोटभर मिळू लागली की मग दिव्याकडे पाहावे. बाहेरची काच खडे लागून अंधुक झाली आहे का? आतला परावर्तक, म्हणजे ती चकचकीत वाटी, काळवंडली आहे का? बल्बमधला उजेड गोळा करून रस्त्यावर टाकण्याचे काम ही वाटी करते. ती मळकट झाली असेल तर बल्ब कितीही चांगला असो, उपयोग नाही. तिच्यावरचा मुलामा फार पातळ असतो. फडक्याने घासलात तर उरलेलाही निघून जाईल. वाटी खराब झाली असेल तर दिवा बदलणेच बरे. जुना गोल दिवा सात इंचांचा असेल, तर त्या मापाचा, एच-४ बल्ब बसणारा दिवा सहज मिळतो. हा बल्ब हॅलोजन जातीचा. मोटारींच्या दिव्यांत हॅलोजन बल्ब युरोपात १९६२ साली आले, आणि एकाच बल्बमध्ये वरचा व खालचा असे दोन्ही झोत देणारा एच-४ हा १९७१ साली. साध्या बल्बमधल्या तारेचे टंगस्टन हळूहळू उडून काचेच्या आतल्या बाजूला काळा थर बसतो. हॅलोजन बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीन यांच्यासारखा पदार्थ भरलेला असतो; तो उडालेल्या टंगस्टनला धरून पुन्हा तारेवर नेऊन सोडतो. त्यामुळे काच स्वच्छ राहते. मात्र हा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तिथे लागते, ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर फुटतो.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते ती गोष्ट, म्हणजे दिव्यांची नजर. दिवा लख्ख झाला, पण त्याचा झोत झाडांच्या शेंड्यांवर पडत असेल, तर रस्ता अंधारातच राहील आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतील. म्हणून हे काम टाळू नका. शाळेची किंवा गोदामाची एखादी सपाट भिंत पाहा. तिच्यासमोर सपाट जमिनीवर बरोबर दहा मीटरवर गाडी उभी करा. चाकांत हवा योग्य असावी, चालकाच्या जागी एक माणूस बसवावा. दिव्याचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूने आडवी रेघ मारा. तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी रेघ मारा. संध्याकाळी अंधार पडल्यावर खालचा झोत लावा. उजेड आणि अंधार यांची वरची कड उजव्या बाजूला या दुसऱ्या रेघेवर यायला हवी. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून चांगल्या दिव्यात ही कड डावीकडे तिरकी वर चढत जाते; तो उजेड रस्त्याच्या डाव्या कडेवरची माणसे आणि गाड्या दाखवण्यासाठी असतो. ही कड उजवीकडे वर चढत असेल, तर तो दिवा उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशासाठी बनवलेला आहे. तो आपल्याकडे लावू नये.

दिव्याच्या कडेला दोन स्क्रू असतात. एकाने झोत वर-खाली होतो, दुसऱ्याने डावी-उजवीकडे. एका वेळी एक दिवा झाकून दुसरा जुळवावा. दहा मीटरला दहा सेंटिमीटर, म्हणजे शंभरात एक असा हा उतार. दिवा पाऊण मीटर उंचीवर असेल तर झोताची वरची कड पंचाहत्तर मीटरवर रस्त्याला टेकते. पण हा हिशेब ओझ्याने बिघडतो, हे खताची पोती वाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी मागच्या बाजूला नुसती पाच सेंटिमीटर खाली बसली, तर झोत दहा मीटरवर वीस सेंटिमीटर वर उचलला जातो. दहा सेंटिमीटर खाली होता तो दहा सेंटिमीटर वर! समोरचा माणूस "डिपर मार, डिपर मार" म्हणून ओरडतो, आणि आपण म्हणतो, "मारलाय की!" दोघेही खरे बोलत असतात. म्हणून नेहमी ओझे वाहणारी गाडी असेल, तर ओझे घालूनच दिवे जुळवावेत.

आता दोन मोहांपासून सावध करतो. पहिला मोह म्हणजे ६० वॉटच्या जागी १०० वॉटचा बल्ब. वाट जुनीच ठेवून बल्ब मोठा घातला, तर प्रवाह १० च्या जागी १६ अँपिअरच्या वर जाऊ पाहतो. वाटेतला तोटा त्याच प्रमाणात वाढतो, आणि तारा व स्विच यांत निर्माण होणारी उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे पावणेतीन पटींपर्यंत वाढते. स्विच वितळतात, सॉकेट जळतात, परावर्तक काळा पडतो. वाफ्याचे तोंड रुंद करून पाणी येत नाही, ते हेच. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांवर जो अत्याचार होतो तो वेगळाच, आणि असे बल्ब कायद्यातही बसत नाहीत. दुसरा मोह म्हणजे बाजारात मिळणारे, कोणत्याही दिव्यात बसणारे एल.ई.डी. बल्ब. एल.ई.डी. वाईट असे मी म्हणत नाही. मुळापासून एल.ई.डी.साठी घडवलेला दिवा उत्तम असतो. पण आपल्या जुन्या दिव्याची वाटी टंगस्टनच्या बारीक तारेसाठी, ती तार नेमकी कुठे असेल याचा हिशेब करून घडवलेली आहे. उजेडाचा उगम जरासा हलला किंवा त्याचा आकार बदलला की झोत विस्कटतो. आपल्याला गाडीपुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो म्हणून आपण खूश, आणि दूरचे मात्र पूर्वीपेक्षा कमी दिसते. समोरच्याला तर काहीच दिसत नाही.

इतके करूनही एक गोष्ट विसरू नये. उजेड दुप्पट झाला म्हणजे दुप्पट लांबचे दिसते, असे नाही. अंतर वाढले की उजेड अंतराच्या वर्गाने विरळ होत जातो. म्हणून दुप्पट उजेडाने सुमारे १.४ पटच लांब दिसते. समजा, काळे घोंगडे पांघरून चाललेला माणूस पूर्वी ४० मीटरवर दिसत होता, तर आता तो ५६ मीटरवर दिसेल. हे अंतर थोडे की फार? ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारा चालक धोका दिसल्यापासून दीड सेकंदात ब्रेकवर पाय ठेवतो असे धरले, आणि जुन्या गाडीचे ब्रेक बेताचे धरले, तर ती थांबायला सुमारे ४० मीटर लागतात. ताशी ६० ला तेच ५३ मीटर होतात. म्हणजे पूर्वी ताशी ५० च्या वर जाणे हा जुगार होता, आणि आता तो ६० च्या वर जुगार आहे. ओला रस्ता, उतार किंवा थकलेला चालक असेल तर तोही हिशेब चुकतो. डोळ्यांना जेवढे दिसते तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे, हा रात्रीच्या प्रवासाचा पहिला नियम. दिवे सुधारल्याने तो रद्द होत नाही.

बैलगाडी आणि ट्रॅक्टर-ट्रॉली हाकणाऱ्या मंडळींनाही एक विनंती. मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर लावा, आणि ऊस रचल्यावर तो शेंड्यांखाली झाकला जात नाही ना, हे एकदा मागे येऊन पाहा. चिखल बसला असेल तर पुसा. त्याची किंमत काही रुपयांची, पण मागून येणाऱ्याचा दिवा आणि तुमचा रिफ्लेक्टर या दोघांनी मिळून एक काम करायचे असते. एकाने हयगय केली तर दुसऱ्याचे कष्ट फुकट जातात. त्या रात्री हयगय माझी होती. आमच्या दोघांच्या नशिबाने तिची किंमत चार शेंडे वाकण्यावर भागली.

पुढच्या हंगामात त्याच वळणावरून मी रात्री अनेकदा गेलो. आता वळण संपताच दूरवर लाल ठिपक्यांची रांग दिसू लागते. मग मी वेग कमी करतो, दिवे खाली घेतो आणि सावकाश पुढे होतो.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर येत्या रविवारी एवढेच करा. मीटर मागून आणा, दिवे लावा आणि बॅटरीवरचा व दिव्यावरचा दाब मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक असेल तर वाट साफ करा. काच पुसा, भिंतीसमोर झोत जुळवा, आणि त्यानंतरही कमी वाटले तरच नव्या दिव्याचा विचार करा. गुरुजींनी शक्य तर हे काम शाळेच्या अंगणात, मुलांना भोवती उभे करून करावे. ओहमचा नियम मग त्यांना पाठ करावा लागणार नाही.